शब्द टाकणारं माणूस

"उलटं झालं की नुसती दोरी दिसते," असं म्हणून त्याने गळ्यातलं कार्ड पुन्हा सरळ केलं. मन्रोच्या भुयारी स्टेशनात आम्ही रेड लाइनची वाट बघत उभे होतो. शिकागोतला जुलै, खाली हवा कोंडलेली, रुळांकडून येणारा लोखंडाचा आणि मुताचा मिसळलेला वास, आणि पंख्यासमोरची जागा धरून बसलेली माणसं. आमच्या ऑफिसातली मंडळी लिफ्टमधून उतरतानाच कार्ड काढून खिशात कोंबतात. दिवसभर ते गळ्यात वागवून कंटाळा आलेला असतो, शिवाय रस्त्याने ते मिरवत जाणं जरा बावळटच दिसतं. हा सतरा वर्षांचा मुलगा मात्र ते घरी पोचेपर्यंत काढत नसे. नुसतं काढत नसे असं नाही, फोटोची बाजू सतत बाहेर राहील याकडे त्याचं लक्ष असायचं. मी आपलं सहज विचारलं, की बाबा, ऑफिस सुटलं, आता कशाला ते लटकवून ठेवलंयस? त्यावर त्याचं हे उत्तर. त्यात ना तक्रार होती, ना मला काही सुनावण्याचा सूर. पाऊस आला तर छत्री लागते, इतक्या सरळपणे सांगितलं. गाडी आली. मी रूझवेल्टला उतरलो. तो पुढे सिक्स्टी-थर्डपर्यंत जाणार होता, एंगलवूडला, शहराच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्तीत.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर उतरलं.

'वन समर शिकागो' या शहराच्या कार्यक्रमातून तो आमच्याकडे आला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना काही आठवडे काम द्यायचं आणि पगार शहराने सोसायचा, अशी ती सोय. वर्षाला वीस हजारांच्या वर मुलंमुली त्यात असतात. कुणी बागांमध्ये, कुणी ग्रंथालयात, कुणी लहान मुलांच्या शिबिरात, आणि थोडे आमच्यासारख्या ऑफिसांत. आमचं काम पाण्याच्या नळांचं. त्यामुळे त्याच्या वाट्याला आलं ते जुन्या नकाशांचं स्कॅनिंग: पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले कागद यंत्रावर अलगद पसरायचे, रस्त्याचं नाव आणि वर्ष वाचून फाइलला नाव द्यायचं. कंटाळवाणं काम, पण त्याने त्यात स्वतःची गंमत शोधली. आपल्या गल्लीचा नकाशा हुडकला, आजीचं घर हुडकलं, शाळा हुडकली. एकदा मला बोलावून म्हणाला, "हे 'एल' म्हणजे काय?" मी सांगितलं, लेड. शिसं. शिकागोत घराघरात पाणी नेणारे शिशाचे नळ अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहेत, चार लाखांच्या आसपास, आणि ते लोकांनी हौसेने घातलेले नाहीत. १९८६ साली केंद्राने बंदी घालेपर्यंत शहराचा नियमच होता, की हा नळ शिशाचाच हवा. त्याने बोटाने आपल्या गल्लीवरचे 'एल' मोजले, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि पुढचा कागद घेतला. आजीला बाटलीतलं पाणी प्यायला सांगायचं का, हे त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, निदान गाळणी तरी लावा, शिसं धरणारी.

शिशाचं नाव निघालं आणि मला मिरज आठवलं. दहावीची परीक्षा देऊन मी मामाकडे गेलो होतो. दुपारभर घरात लोळून मामीला वैताग आणला, तेव्हा मामाने एका छापखानेवाल्यांकडे शब्द टाकला: "पोरगं रिकामं बसलंय, घ्या जरा हाताखाली." झालं, दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. लग्नपत्रिका, पतपेढीची पावतीपुस्तकं, कुठल्यातरी दूध संघाचा वार्षिक अहवाल. ट्रेडल यंत्राचं ते खटक-खटक, रॉकेलने पुसलेल्या टाइपाचा वास, आणि एक म्हातारे कंपोझिटर, ज्यांची बोटं न बघता नेमक्या खणात जायची. छापून झालेले खिळे, म्हणजे अक्षरांचे टाइप, ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे माझं काम. माझ्याच वयाचा आणखी एक मुलगा तिथे होता, वेशीपलीकडच्या वस्तीतला. झाडलोट करायचा, रूळ पुसायचा, कागदाची रिमं उचलायचा, आणि मधे वेळ मिळाला की माझ्या दुपटीने खिळे लावायचा. आता खिळे शिशाचे. मोडीत किलोवर जायचे. म्हणून संध्याकाळी सुटताना मालक दारात उभे राहून त्याचे खिसे उलटे करून बघत. रोज. तेही रागाने नाही, पाठीवर हात ठेवून, 'काय रे, जेवलास का' वगैरे विचारत. तो आपणहोऊन हात वर करून उभा राहायचा. माझ्या खिशाला कधी हात लागला नाही. मी अमक्यांचा भाचा होतो, एवढ्यावर माझं भागत होतं.

त्या मुलाचा हात वर करण्याचा सराव आणि या मुलाचं कार्ड सरळ करणं, या दोन हालचालींत मला फरक दिसेना.

त्याच आठवड्यात नेपरव्हिलला, शिकागोच्या उपनगरात, एकांकडे जेवायला जमलो होतो. आम्रखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, तळघरात मुलांचा दंगा. मी या मुलाबद्दल कौतुकाने सांगत होतो, तर एक काका म्हणाले, "अरे, पण किती योजना म्हणून द्यायच्या त्यांना? आम्ही आलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते. आम्हाला कुठल्या मेयरने नोकरी दिली?" काका माणूस चांगला. माझ्या आईचं पथ्य लक्षात ठेवून फोन करणारा. मी म्हटलं, "काका, तुम्हाला व्हिसा मिळाला तो १९६५च्या स्थलांतर कायद्याने. नागरी हक्कांच्या चळवळीने हवा तापवली नसती तर तो कायदा कसला होतोय?" ते म्हणाले, "ते खरं आहे रे, पण कष्ट तर आपणच केले ना?" तेही खरंच. मग विषय नातवावर गेला. नातू या उन्हाळ्यात डाउनटाउनच्या एका बँकेत इंटर्नशिप करतोय. छान, कशी मिळाली? "अरे, माझ्याबरोबर कामाला होता त्याचा मुलगा तिथे मोठ्या पदावर आहे. त्याला म्हटलं, बघ जरा आमच्या पोराचं." काकांनी हे पहिल्या वाक्याच्या जोडीला ठेवून पाहिलं नाही. मीही तिथे ठेवलं नाही. पुरी गरम होती.

पण घरी येताना गाडीत मी तेच घोळवत होतो. आपल्याकडे मुलाला वाढवताना किती जण त्याच्यासाठी शब्द टाकतात! मामा, काका, वडिलांचे मित्र, क्लासचे सर, सोसायटीतले निवृत्त साहेब. हे सगळं इतकं आपसूक होतं की त्याची कुणी नोंद ठेवत नाही, आणि नोंद नसली की ते स्वकष्टार्जित वाटू लागतं. एंगलवूडच्या मुलाला मामा नसतो असं नाही. पण त्या मामाच्या ओळखीत छापखानेवाला नसतो. मग शहराने मामा व्हायचं ठरवलं तर ते असं होतं: अर्ज, सोडत, थम्ब ड्राइव्हवर दिलेलं प्रशिक्षण, पगाराचं कार्ड, आणि ऑगस्टमध्ये मूल्यमापन.

आणि त्या मूल्यमापनाशी माझं भांडण आहे.

२०१२च्या उन्हाळ्यात शिकागोने या कार्यक्रमाची नीट परीक्षा घेतली. हिंसाचार जास्त असलेल्या भागातल्या १३ शाळा, १,६३४ मुलंमुली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनाचं काम, आणि लक्ष ठेवायला एक मोठं माणूस. सेरा हेलर नावाच्या संशोधिकेने पुढचे १६ महिने दोन्ही गटांचा माग ठेवला. काम मिळालेल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातली खरी गोम अशी, की ही घट मुख्यतः उन्हाळा संपल्यावरची आहे. म्हणजे पोरं कामात गुंतली म्हणून उचापती करायला सवड मिळाली नाही, हे उत्तर पुरत नाही. आठ आठवड्यांत काहीतरी आत शिरलं आणि टिकलं. हा शोधनिबंध २०१४च्या डिसेंबरात छापून आला, गाजला, आणि त्यानंतर शहरांनी अशा कार्यक्रमांवर पैसे घालायला तो हाताशी धरला. चांगलंच झालं. पैसे आले.

तरीही मला तो आकडा वाचताना कसंसंच होतं. काकांच्या नातवाच्या इंटर्नशिपचा उपयोग झाला की नाही हे आपण कशावरून ठरवू? त्याला काय शिकायला मिळालं, पुढे कुठे प्रवेश मिळाला, त्याला बँकेत जीव रमला की नाही, यावरून. 'नातवाने गेल्या १६ महिन्यांत कुणाला मारलं नाही' असं कुणी त्याच्या आजोबांना अभिनंदन म्हणून कळवणार नाही. आमच्या ऑफिसातला मुलगा कधीच कुठल्या भानगडीत नव्हता. दहावी-अकरावीत चांगले गुण, चर्चमध्ये ड्रम वाजवायचा, आणि मेयोनेझ या पदार्थाबद्दल त्याची मतं अतिशय कडक होती. पण त्याच्या पगाराचं समर्थन नगरपरिषदेत करायचं तर तो पकडला जाण्याची शक्यता किती टक्क्यांनी घटली, हेच सांगावं लागतं. त्याशिवाय तिजोरी उघडत नाही. भलं करतानासुद्धा आधी त्याचे खिसे बघून घ्यायचे.

याच शहरात मुलग्यांसाठी चालणारा दुसरा एक उद्योग मला मनापासून आवडतो. 'बिकमिंग अ मॅन', पोरं त्याला 'बॅम' म्हणतात. २००१च्या सुमारास 'यूथ गायडन्स' संस्थेतल्या टोनी डी-विटोरिओ या समुपदेशकाने तो सुरू केला, पुढे शहराने त्याला पैसे दिले. आठवड्यातून एक तास, शाळेतच, गोल खुर्च्या मांडून. सुरुवातीच्या खेळांपैकी एकाचं नाव 'मूठ'. जोड्या लावायच्या. एकाच्या हातात चेंडू द्यायचा, दुसऱ्याला सांगायचं, ३० सेकंदांत तो काढून घे. मग काय, पिरगळापिरगळी, बोटं उलगडणं, एकमेकांवर आडवं होणं, खुर्च्या पडणं. वेळ संपते. चेंडू बहुधा जिथल्या तिथे. मग जोडी उलटी करून पुन्हा तेच. शेवटी समुपदेशक विचारतो, 'अरे, कुणी नुसता मागितला का?' पोरं म्हणतात, 'मागितला असता तर त्याने मला नेभळट समजलं असतं.' तो समोरच्याला विचारतो, 'तुला मागितला असता तर?' 'दिला असता की. एक फालतू चेंडू तर आहे.' इतकाच खेळ. यात पोरांना सज्जनपणाचे धडे नाहीत. जिथे ती राहतात तिथे कधी मूठ आवळावीच लागते, हे बॅमवाल्यांना मान्य आहे. अंगात आलेली पहिली प्रतिक्रिया आणि हात उचलणं यांच्यात क्षणभर जागा करायची, एवढीच त्यांची खटपट. २००९-१०च्या पाहणीत १८ शाळांमधल्या २,७४० मुलग्यांवर याची परीक्षा झाली, आणि त्या वर्षात हिंसक गुन्ह्यांच्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. पुढे कार्यक्रम मोठा केल्यावर तेवढा परिणाम टिकला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. आठ पोरांना नावानिशी ओळखणारा माणूस छापून काढता येत नाही.

मला नेहमी वाटतं, तो मुठीचा खेळ एकदा नगरपालिकांना खेळायला लावावा.

न्यूयॉर्कचंच घ्या. ऑगस्ट २०११ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, तरुणांसाठी 'यंग मेन्स इनिशिएटिव्ह' जाहीर केला. तीन वर्षांत १२ कोटी ७० लाख डॉलर, त्यातले तीन कोटी ब्लूमबर्ग यांच्या स्वतःच्या दानाचे, तीन कोटी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांचे. एखाद्या अमेरिकी शहराने या मुलांसाठी असा मोठा आकडा मांडणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, आणि त्यातून कामंही झाली: प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवण्याची, ऑफिसं मुलांच्या वस्तीत आणली, वडील असलेल्या तरुणांसाठी वर्ग, प्रोबेशनवरच्यांसाठी मार्गदर्शक वडीलधारे. पुढच्या महापौरांच्या काळात, २०१५ साली, त्यातूनच शाळांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई पुरुष शिक्षक आणण्याची मोहीम निघाली. हे झालं एका हाताचं. दुसऱ्या हाताचं त्याच वर्षाचं बघा. २०११ मध्ये त्याच शहराच्या पोलिसांनी रस्त्यावर ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं, बऱ्याचदा चाचपलं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांकडे काही निघालं नाही, ना अटक ना दंड. आणि जो आकडा मला पाठ झाला आहे तो हा: शहरात १४ ते २४ वयाचे कृष्णवर्णीय मुलगे होते १,५८,४०६, आणि त्या वयाच्या कृष्णवर्णीय मुलग्यांना थांबवलं १,६८,१२६ वेळा. मुलं संपली, थांबवणं उरलं. एकाच महापौरांच्या सहीखाली. त्यांना त्यात विसंगती दिसली नसावी. दोन्ही गोष्टी त्या मुलांच्या जिवासाठीच चालल्या आहेत, असंच ते सांगत राहिले. २०१३च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश शायरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली.

शिकागो काही वेगळं नाही. राम इमॅन्युएल महापौर झाले, उन्हाळी नोकऱ्या वाढल्या, बॅमला पैसे मिळाले. त्यांच्याच काळात २०१२ मध्ये शहराच्या १२ मानसोपचार केंद्रांपैकी निम्मी बंद झाली, आणि २०१३ मध्ये एका फटक्यात पन्नासच्या आसपास शाळा. बहुतेक दक्षिण आणि पश्चिम भागातल्या, बहुतेक कृष्णवर्णीय मुलांच्या. मग ती मुलं दुसऱ्या शाळेत जाताना टोळ्यांच्या हद्दी ओलांडणार, म्हणून वाटेवर पिवळे फलक लागले आणि झळझळीत जाकिटं घातलेली माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहिली. थंडीत, हातमोजे चोळत, प्रत्येक पोराला नावाने हाक मारत. मी ती माणसं पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आधी शाळा काढून घ्यायची, मग शाळेपर्यंतच्या वाटेवर मायाळू माणसं नेमायची, या हिशेबाबद्दल मात्र नाही. २०१४चा उन्हाळा तर विलक्षणच. एकीकडे त्या नोकऱ्या चालू, आणि मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत शिकागो पोलिसांनी अडीच लाखांहून जास्त वेळा लोकांना थांबवून, अटक न करताच, जा म्हणून सांगितलं. थांबवलेल्यांत शंभरातले ७२ कृष्णवर्णीय. शहराच्या वस्तीत ते तिसऱ्या हिश्श्याएवढे. त्याच ऑक्टोबरात लक्वान मॅक्डोनल्ड या कृष्णवर्णीय मुलाला एका पोलिसाने १६ गोळ्या घातल्या. वय १७. चित्रफीत लोकांसमोर यायला १३ महिने आणि कोर्टाचा हुकूम लागला.

ज्याचे खिसे असे चाचपले जातात, त्याने कार्डाची फोटोची बाजू बाहेर ठेवली तर त्यात विचारण्यासारखं काय होतं?

कधीतरी रेड लाइनने शेवटपर्यंत जाऊन बघावं. चायनाटाउन सोडलं की गाडी डॅन रायन महामार्गाच्या मधोमध धावू लागते, दोन्ही बाजूंना सात-सात पदर मोटारी. पूर्वेकडे जिथे आता मोकळी गवताळ जागा आणि नवी घरं दिसतात, तिथे रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीच्या १६ मजली २८ इमारती उभ्या होत्या, एका रांगेत. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून जी माणसं आगगाडीने इथे आली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना शहराने १९६२ मध्ये तिथे रचून ठेवलं, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी इमारती पाडून पुन्हा पांगवलं. बँका कर्ज देत नव्हत्या, गोऱ्या वस्तीत घर मिळत नव्हतं, हे सगळं कागदोपत्री होतं, सह्या-शिक्क्यांनिशी. आमच्या ऑफिसातल्या नळाच्या नकाशांसारखं. म्हणून 'संधी देणे' हे शब्द कानावर आले की मी जरा बिचकतो. संधी कुठेतरी पडून होती आणि शहर ती आता वाटत आहे, असं काही झालेलं नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ओबामांनी कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलग्यांसाठी 'माय ब्रदर्स कीपर' जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या मागे उभी असलेली पोरं शिकागोच्या बॅमचीच होती. पुढे अडीचशेच्या आसपास गावं-शहरं त्यात सामील झाली. त्यावर लगेच प्रश्न आला, आणि तो घरातूनच आला. कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ली क्रेनशॉ आणि हजारावर स्त्रियांनी जाहीर पत्र लिहून विचारलं, की याच घरांतल्या, याच शाळांतल्या मुली कुठे गेल्या? मला तो प्रश्न तेव्हा थोडा अवेळी वाटला होता, आता वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळांनी तर या सगळ्याच्या आधी, २०१० सालीच, खास कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेगळं कार्यालय काढलं होतं. क्रिस्टोफर चॅटमन त्याचे प्रमुख. रोज एक तास, वर्गासमोर कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक, इतिहास आपला, बोलणं आपलं. स्टॅनफर्डच्या टॉमस डी यांनी पाहिलं तर ज्या शाळांत हा वर्ग होता तिथली मुलग्यांची गळती बरीच कमी झाली होती, आणि त्याच शाळांतल्या मुलींनाही थोडा फायदा झालेला दिसत होता. शिक्षकाने शाळेत पाऊल टाकलं की तो काही फक्त मुलग्यांपुरता येत नाही. या वर्गात पोरांना 'राजे' म्हणतात. मराठी कानाला ते अजिबात परकं वाटत नाही, आपल्याकडे रिक्षावालाही म्हणतो.

आमच्या इकडच्या मंडळांत एप्रिलमध्ये फुले-आंबेडकरांवर भाषणं होतात. दर वेळी कुणीतरी सांगतंच, की जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. टाळ्या पडतात. अमेरिकेत बसून ऐकायला छानच वाटतं ते. पण त्या अर्पणपत्रिकेत पुढे जोतीरावांनी आपल्या देशबांधवांनाही तो कित्ता घ्यायला सांगितलं आहे, त्या भागापाशी टाळ्या थोड्या विरळ होतात. चहा झाला की मंडळी पार्किंगकडे. पुढच्या सोमवारी प्रत्येकाच्या ऑफिसात उन्हाळी मुलं घ्यायची का, याची ईमेल आलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी ती वाचून पुढे ढकलली जाते. सुरक्षा, विमा, कोण बघणार त्यांच्याकडे, वगैरे. कारणं खोटी नसतात. भाच्यासाठी मात्र ती आड येत नाहीत.

ऑगस्टमध्ये मूल्यमापनाचा फॉर्म आला. वक्तशीरपणा, पोशाख, सूचना पाळणे, एक ते पाच. मी भरला. ऑफिस कसं वाटलं, हे मुलाला विचारणारा रकाना त्यात नव्हता, म्हणून मीच जेवताना विचारलं. तो म्हणाला, "ए.सी. भयंकर लावता तुम्ही. आणि जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे पडद्याकडे बघून खातात. माझ्या आजीने एकेकाला बडवलं असतं." मग जरा थांबून म्हणाला, पुढे नोकरीसाठी अर्ज केला तर तुमचं नाव देऊ का? मी म्हटलं, दे ना, आणि एक पत्रही लिहून दिलं. अशा पत्रांचा खरोखर उपयोग होतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी काम केलेल्या काही मुलांना साहेबांच्या सहीची शिफारसपत्रं देऊन बघितली, तर पुढच्या वर्षी त्यांना नोकरी लागण्याचं प्रमाण पत्र न मिळालेल्यांपेक्षा वाढलं. कागदाचा खर्च तेवढा.

सप्टेंबरात एका दुकानातून फोन आला. बाई घाईत होत्या, मागे ट्रॉल्यांचा खडखडाट. मुलगा वेळेवर येतो का? येतो. गल्ल्यावर बसवायला हरकत नाही ना? हा प्रश्न त्या सगळ्यांच्याच बाबतीत विचारत असतील, यादीतलाच असेल, तरी माझा आवाज चढला. मी सुरू झालो. त्याने फाटके नकाशे कसे जपून हाताळले, एका रस्त्याचं नाव तीनदा बदललेलं होतं ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि त्याच्या आलं, मग मी आजीवर गेलो, ड्रमवर गेलो. मिरजेचा छापखाना निघायचाच बाकी होता.

"सर," बाईंनी मधेच थांबवलं, "नुसतं हो म्हटलंत तरी चालेल. मला अजून चार फोन करायचे आहेत."

"हो," मी म्हटलं.